शीतकपाट पदार्थ थंड कसे ठेवतें ?

वाशीम जिल्ह्याचा उन्हाळा ज्यानें एकदां अनुभविला आहे त्यास गार पाण्याची किंमत निराळी सांगावयास नको. चैत्र सरला कीं वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या साही तालुक्यांत काळी जमीन भेगाळते, दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो. (या पाठांतील सर्व अंश सेल्सियस मापाचे आहेत.) अशा दिवसांत सकाळचें दूध दुपारपर्यंत नासतें, रात्रीचें वरण सकाळीं आंबतें, आणि बाजारांतून आणलेली कोथिंबीर घरीं पोहोंचेपर्यंत मान टाकते. ज्यांच्या घरीं फ्रीज, म्हणजे शीतकपाट, आहे त्यांच्या घरीं त्याचें दार दिवसांतून पन्नास वेळां उघडतें. परंतु हें कपाट आपलें काम कसें करतें असें विचारलें, तर “तें विजेनें थंडी तयार करतें” असें उत्तर बहुतेकांकडून मिळतें. हें उत्तर बरोबर नाहीं. तें कां बरोबर नाहीं, आणि हें जाणल्यानें आपला काय लाभ आहे, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

थंडी तयार करतां येत नाहीं

थंडी नांवाचा कोणताही पदार्थ सृष्टींत नाहीं. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तशी थंडी म्हणजे उष्णतेची उणीव. एखादी वस्तु थंड करावयाची म्हणजे तिच्यांत कांहीं घालावयाचें नसतें. तिच्यांतील उष्णता बाहेर काढावयाची असते. आतां उष्णतेचा स्वभाव असा कीं, ती अधिक तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे आपण होऊन जाते, उलट दिशेनें मात्र जात नाहीं. पाणी उतारानें आपोआप वाहतें, पण विहिरींतील पाणी वर आणावयाचें तर मोट किंवा पंप लागतो. त्याचप्रमाणें थंड जागेंतील उष्णता काढून ती उष्ण जागेंत टाकावयाची तर कोणीतरी श्रम केले पाहिजेत. शीतकपाट म्हणजे उष्णता उपसणारा पंप होय. ही एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवली कीं पुढील सर्व भाग सोपा आहे.

माठाची युक्ति

आपल्या घरांतील माठ हेंच आपलें पहिलें शीतकपाट होय. कुंभार मातींत लीद किंवा भुसा मिसळतो. भट्टींत हीं द्रव्यें जळून जातात व त्यांच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात. त्या छिद्रांतून पाणी झिरपून माठाच्या अंगावर येतें व तेथें त्याची वाफ होते. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. चुलीवरच्या पाण्यास ती जाळापासून मिळते. माठाच्या अंगावरील पाण्यास चूल कोठून मिळणार? तें आपल्याला लागणारी उष्णता माठापासून व आंतील पाण्यापासून घेतें. वाफ उडून जाते ती ही उष्णता बरोबर घेऊनच जाते, आणि मागें राहिलेलें पाणी गार होतें. वाफेनें नेलेली ही उष्णता तापमापकावर दिसत नाहीं. ती वाफेंत दडून राहते, म्हणून तिला गुप्त उष्णता असें म्हणतात.

ही गुप्त उष्णता किती मोठी असते तें हिशेबानें पाहूं. एक ग्रॅम पाण्याचें तापमान एका अंशानें वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. परंतु तेंच एक ग्रॅम पाणी उन्हाळ्याच्या हवेंत वाफ होऊन उडण्यास सुमारें ५८० कॅलरी लागतात. समजा, माठांत १० लिटर पाणी आहे व तें ३८ अंशांवरून २३ अंशांवर आणावयाचें आहे. दहा लिटर पाणी म्हणजे १०,००० ग्रॅम. तें १५ अंशांनीं उतरावयाचें म्हणजे त्यांतून १,५०,००० कॅलरी बाहेर गेल्या पाहिजेत. या संख्येस ५८० नें भागा. उत्तर सुमारें २६० येतें. म्हणजे पाव लिटरहून किंचित् अधिक पाणी वाफ होऊन गेलें कीं उरलेलें सर्व पाणी गार होतें. बाहेरच्या हवेंतून माठांत सारखी उष्णता शिरत असते, म्हणून प्रत्यक्षांत याहून अधिक पाणी खर्चीं पडतें. पण हिशेबाचा मार्ग हाच.

बैलगाडीस टांगलेली जाड कापडाची छागल, दारावर सोडलेला वाळ्याचा ओला पडदा, आणि वऱ्हाडांतील घराघरांच्या खिडकींत उन्हाळाभर घुमणारा कूलर, हीं सर्व माठाचींच भावंडें होत. दुधाचें पातेलें पाण्याच्या परातींत ठेवून त्यावर ओलें फडकें गुंडाळणारी आजी पदार्थविज्ञानाचा हाच नियम वापरीत असते.

माठाची मर्यादा

परंतु माठाचें काम हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. हवा कोरडी असली तर ती वाफ झटपट घेते. हवेंत आधींच पुष्कळ बाष्प असलें तर नवें बाष्प घेण्यास ती कां कूं करते. तापमापकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळून तो वाऱ्यांत धरला असतां जो आंकडा दिसतो, त्याच्या खालीं माठ कधींही जाऊं शकत नाहीं. वैशाखांत आपल्याकडे हवा ४३ अंश तापलेली असते, पण तींतील आर्द्रता शेंकडा १५ इतकी खालीं येऊं शकते. अशा हवेंत हा आंकडा सुमारें २३ अंश येतो. म्हणजे माठ हवेहून तब्बल २० अंश खालीं जाऊं शकतो. मुंबईच्या किनाऱ्यावर हवा ३३ अंश व आर्द्रता शेंकडा ७० असली तर हाच आंकडा सुमारें २८ अंश येतो. तेथें माठाचा लाभ फार तर पांच अंशांचा. वऱ्हाडांत जो कूलर वरदान वाटतो तो मुंबईंत नुसता दमटपणा वाढवितो, याचें कारण हेंच. आपल्याकडेही श्रावणांत माठ हवेहून फारसें गार पाणी देत नाहीं.

पिण्याच्या पाण्यास २३ अंश पुरेसे आहेत. कांहीं वस्तूंस मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. अन्न नासतें तें जंतूंमुळें. अनुकूल उष्णतेंत कांहीं जंतूंची संख्या दर २० मिनिटांनीं दुप्पट होते. एका जंतूपासून आरंभ केला तर सात तासांत २१ वेळां दुप्पट होऊन ती संख्या वीस लाखांवर जाते. पाहिजे तर वहींत गुणाकार करून पाहा. चार-पांच अंशांवर हीच वाढ अतिशय मंदावते. जंतु मरत नाहींत, पेंगतात. म्हणून फ्रीजमधील अन्नही शेवटीं नासतें. आणि लहान मुलांस टोंचावयाच्या लसी तर २ ते ८ अंशांच्या दरम्यानच ठेवाव्या लागतात. कितीही चांगला कुंभार असला तरी त्याचा माठ वाशीमच्या उन्हाळ्यांत ८ अंशांपर्यंत उतरणार नाहीं. येथें माठाचें काम संपतें व यंत्राचें काम सुरू होतें.

बोस्टनचा बर्फ मुंबईंत

यंत्र हातीं येण्यापूर्वीं लोकांनीं एक विलक्षण मार्ग काढला होता. अमेरिकेंतील बोस्टन शहराजवळचीं तळीं हिवाळ्यांत गोठत. फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें त्या बर्फाच्या लाद्या कापून, उष्णता न वाहणाऱ्या पदार्थांच्या वेष्टणांत रचून, जहाजानें दूरदेशीं धाडण्याचा धंदा काढला. १८३३ सालीं त्याच्या ‘टस्कनी’ जहाजांतून १८० टन बर्फ बोस्टनहून निघाला, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील सुमारें १०० टन कलकत्त्यास शिल्लक उतरला. पुढील वर्षीं, १८३४ सालीं, असा बर्फ मुंबईस आला. मुंबईंत त्यासाठीं घुमटाची एक बर्फघर नांवाची इमारत उभी राहिली. त्याच वर्षीं सर जमशेटजी जीजीभाई यांनीं आपल्या घरीं पाहुण्यांना आइस्क्रीम दिलें, व यजमानांसह मंडळींना सर्दी झाली, अशी बातमी त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आली होती.

या बर्फाचें कार्य माठाहून थोडें निराळें आहे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात, आणि तो पुरा वितळेपर्यंत त्याचें तापमान शून्य अंशांवरून हलत नाहीं. बर्फ भोंवतालच्या वस्तूंची उष्णता पितो व स्वतः पाणी होतो. पण वितळलेला बर्फ पुन्हां गोठवावयाचा कसा ? त्यासाठीं पुढच्या हिवाळ्याची व पुढच्या जहाजाची वाट पाहणें भाग होतें. हा व्यापार कांहीं दशकें चालला. यंत्रानें बर्फ करण्याचे कारखाने हिंदुस्थानांत निघाले तेव्हां तो बसला.

उडालेली वाफ पकडली तर ?

आतां माठाकडे पुन्हां पाहा. माठाच्या दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, उडालेलें पाणी कायमचें जातें. दुसरी ही कीं, पाणी फार सावकाश उडतें. पाण्याच्या ऐवजीं अतिशय लवकर उडणारा एखादा द्रव घेतला, तो बंद नळींत कोंडला, आणि त्याची उडालेली वाफ पकडून तिचा पुन्हां द्रव केला, तर ? तर एकाच मूठभर द्रवावर वर्षानुवर्षें काम चालेल.

यांतील पहिला अर्धा भाग विल्यम कलन या स्कॉटिश वैद्यकाच्या अध्यापकानें अठराव्या शतकाच्या मध्यास करून दाखविला. त्यानें पंपानें हवा काढून घेऊन ईथर हा द्रव वेगानें उडविला, व त्या योगानें पाणी गोठविलें. दुसरा अर्धा भाग, म्हणजे वाफ पकडून बंद नळींत पुन्हां पुन्हां फिरविण्याची युक्ति, जेकब पर्किन्स यानें शोधून लंडनमध्यें तिचें पेटंट घेतलें तें १८३४ सालीं. मुंबईच्या बंदरांत अमेरिकेचा बर्फ उतरला आणि त्या व्यापारावर पाणी सोडावयास लावणारी कल्पना कागदावर आली, हीं दोन्ही एकाच वर्षीं घडलीं.

शीतकपाटाचे चार अवयव

आजच्या घरगुती फ्रीजमध्यें बहुधा आयसोब्यूटेन नांवाचा वायु असतो. हा आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळांतील आहे. हवेच्या साधारण दाबाखालीं तो उणे १२ अंशांवरच उकळतो. पाणी उकळण्यास १०० अंश लागतात, हें आठवलें म्हणजे दोहोंतील अंतर कळेल. घरगुती कपाटांत तो थोडासाच, साधारणपणें ५० ग्रॅमच्या आसपास, भरलेला असतो. त्याचा प्रवास चार टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा दाबयंत्राचा. याला कॉम्प्रेसर म्हणतात. फ्रीजच्या मागें तळाशीं जें काळें, घुमटासारखें भांडें असतें तें हेंच. घरघर आवाज येतो तो येथूनच. कॉम्प्रेसर वायूस दाबतो, आणि दाबलेला वायु तापतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें खालचें टोक तापतें, हा अनुभव सर्वांचा आहे. दाबतांना आपण जे श्रम करतों त्यांचीच ती उष्णता असते.

दुसरा टप्पा कपाटाबाहेरील नागमोडी नळीचा. हिला कंडेन्सर म्हणतात. जुन्या फ्रीजच्या पाठीवर ही नळी काळ्या जाळीसारखी उघडी दिसते. पुष्कळ नव्या फ्रीजमध्यें ती बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून तेथें हात लावला तर कोमट लागतें. तापलेला वायु या नळींतून जातांना आपली उष्णता खोलींतील हवेस देतो व त्याचा द्रव होतो. ५० अंश उष्णतेवर आयसोब्यूटेनचा द्रव करण्यास हवेच्या दाबाच्या सुमारें सातपट दाब लागतो. एवढ्या दाबाची गरज कां, तें उघड आहे. स्वयंपाकघरांतील हवा ४० अंश तापलेली असतां त्या हवेस उष्णता देणारी नळी तिच्याहून अधिक तापलेली असलीच पाहिजे.

तिसरा टप्पा केसासारख्या बारीक नळीचा. या अरुंद वाटेनें द्रव पलीकडे गेला कीं त्याच्यावरील दाब एकदम उतरतो.

चवथा टप्पा कपाटाच्या आंतील नळीचा. येथें दाब कमी असल्यामुळें द्रव उकळूं लागतो, आणि माठावरील पाण्याप्रमाणेंच उकळण्यासाठीं लागणारी उष्णता जवळच्या वस्तूंपासून घेतो. दुधाची, भाजीची व पाण्याची उष्णता अशा रीतीनें त्या वाफेंत दडते. ही वाफ पुन्हां कॉम्प्रेसरकडे जाते व फेरा नव्यानें सुरू होतो. पुरेशी थंडी आली कीं तापमान जाणणारी एक कळ कॉम्प्रेसर बंद करते. कपाट पुन्हां तापूं लागलें कीं ती तो चालू करते.

थोडक्यांत सांगावयाचें तर, फ्रीज म्हणजे बंद नळींतील माठ होय. माठांत वाफ वाऱ्यावर जाते. येथें तिला पकडून आणतात, आणि त्या पकडण्याची मजुरी विजेच्या बिलांत द्यावी लागते.

उष्णता जाते कोठें ?

आतां एक कोडें. बंद स्वयंपाकघरांत फ्रीजचें दार सताड उघडें ठेवलें तर खोली गार होईल काय ? पुष्कळ जण होय म्हणतील. परंतु फ्रीज आंतून जितकी उष्णता काढतो तितकी ती त्याच खोलींत मागील बाजूनें ओततो, आणि कॉम्प्रेसरनें खाल्लेल्या विजेचीही उष्णता होऊन ती तींत मिसळते. म्हणून खोली गार न होतां उलट तापत जाईल. उष्णता कोठेंही नाहींशी होत नाहीं, ती केवळ स्थलांतर करते. शहरांतील वातानुकूलित इमारतींच्या मागल्या गल्लींतून जातांना जी झळ लागते ती त्या इमारतींतून बाहेर काढलेली उष्णताच असते.

वायूंच्या निवडींतही माणसास असाच धडा मिळाला. आरंभीच्या यंत्रांत अमोनिया व सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायु असत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेंत टॉमस मिजली व त्याचे सहकारी यांनीं फ्रीऑन नांवाचा वायु काढला. तो जळत नसे व विषारीही नसे, म्हणून त्याचा जगभर प्रसार झाला. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, असे वायु वातावरणांत उंच जाऊन, सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करतात. १९८७ सालीं मॉन्ट्रियल येथें राष्ट्रांनीं करार करून ते वायु हळूहळू बंद केले. त्यांच्या जागीं आलेले कांहीं वायु ओझोनला सोडतात, पण पृथ्वीचा ताप वाढवितात. त्यांनाही कमी करण्याचें २०१६ सालीं किगाली येथें ठरलें. आयसोब्यूटेन या दोन्ही दृष्टींनीं निरुपद्रवी आहे. तो जळणारा आहे, हा त्याचा दोष थोड्या प्रमाणांत वापरून व नळी भक्कम ठेवून आवरतात.

आपल्या देशांत फ्रीज तयार होऊं लागून फार काळ लोटलेला नाहीं. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें तो १९५८ सालीं बनविला. त्यापूर्वीं तो परदेशांतून येई व श्रीमंतांच्याच घरीं दिसे.

लसीची पेटी

शीतकपाटाचें सर्वांत मोलाचें काम आपल्या स्वयंपाकघरांत नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रांत चालतें. १९८५ सालीं भारत सरकारनें सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू केला. लस कारखान्यांतून निघाल्यापासून बाळाच्या अंगांत जाईपर्यंत तिला ठराविक थंडींत ठेवावें लागतें. या अखंड व्यवस्थेस शीतसाखळी म्हणतात. साखळीची एक कडी तुटली तर लस दिसावयास तशीच राहते, पण तिचा गुण जातो. आईबापांस वाटतें कीं मूल सुरक्षित झालें; प्रत्यक्षांत तें झालेलें नसतें. म्हणून हा विषय केवळ सोयीचा नाहीं.

आरोग्य केंद्रांतील लसीचा फ्रीज घरच्यासारखा उभा नसतो. तो पेटीसारखा आडवा असून त्याचें झांकण वर उघडतें. कारण थंड हवा जड असते. उभ्या कपाटाचें दार उघडतांच ती पायांवरून ओघळून जाते. पेटीचें झांकण उघडलें तरी ती तळाशीं बसून राहते. शिवाय या पेटीच्या भिंतींच्या आंत बर्फाचें अस्तर असतें. वीज असतां तें गोठतें, वीज गेली कीं सावकाश वितळत आंतील थंडी टिकवितें. म्हणून २४ तासांपैकीं ८ तास वीज मिळाली तरी ती आपलें काम करूं शकते. ज्या गांवांनीं भारनियमन पाहिलें आहे त्यांस याचें मोल समजेल.

तेथून लस खेड्यांत जाते ती लहान पेटींतून. मानोऱ्याकडील एखाद्या तांड्यावर लसीकरणास निघालेल्या आरोग्यसेविकेच्या खांद्यावर ही पेटी तुम्हीं पाहिली असेल. तींत गोठविलेल्या पाण्याच्या चार चपट्या डब्या असतात. गंमत अशी कीं, त्या डब्या गोठणपेटींतून काढून लगेच आंत ठेवावयाच्या नसतात. त्या वेळीं त्यांचें तापमान शून्याच्या बरेंच खालीं असतें, व कावीळ-ब, धनुर्वात, घटसर्प यांवरील लसी त्यांच्या शेजारीं गोठून निकामी होतात. लसीस ऊन जसें बाधतें तसें अति थंडीही बाधते. म्हणून सेविका त्या डब्या कांहीं वेळ बाहेर ठेवते, त्यांना घाम फुटूं देते, आणि कानाशीं धरून हालविते. आंत पाणी डुचमळल्याचा आवाज आला कीं त्या वापरावयास योग्य झाल्या. बर्फ व पाणी एकत्र असलें म्हणजे तापमान शून्य अंश असतें, आणि सर्व बर्फ वितळेपर्यंत तें तेथेंच राहतें. वर सांगितलेला नियम तोच. चार डब्यांत मिळून सुमारें दीड लिटर पाण्याचा बर्फ असतो. प्रत्येक ग्रॅमला ८० कॅलरी धरल्या तर १,२०,००० कॅलरी शोषून घेण्याचें बळ त्या लहानशा पेटींत असतें. वैशाखांतल्या उन्हाशीं ती त्या बळावर झगडते.

तोंडावाटे देण्याची पोलिओची लस उष्णतेस फार नाजूक. ती याच साखळीनें देशाच्या कानाकोपऱ्यांत गेली. नैसर्गिक पोलिओचा भारतांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजींचा, पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांतला. २७ मार्च २०१४ रोजीं भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. लसीच्या कुपीवर पुष्कळदां एक वर्तुळ व त्यांत एक फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला तर ती लस देत नाहींत. पालकांनीं ही खूण ओळखावयास शिकावें.

घरीं घ्यावयाची काळजी

शीतकपाटाचें तत्त्व समजलें म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहींत, ते आपोआप सुचतात.

१. फ्रीजची पाठ भिंतीस टेकवूं नये व तो चुलीजवळ किंवा उन्हांत ठेवूं नये. मागील नळीस उष्णता टाकावयास हवा मिळाली नाहीं तर कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो व बिल वाढतें.

२. कढत पातेलें आंत ठेवूं नये. तें निवूं द्यावें. परंतु दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावरही राहूं देऊं नये.

३. काय काढावयाचें तें ठरवून मग दार उघडावें. वीज गेली तर दार बंदच ठेवावें. न उघडल्यास आंतील थंडी सुमारें चार तास पुरते.

४. बर्फाचा थर सुरीनें खरवडूं नये. नळीस भोंक पडलें तर वायु निघून जातो, व तो जळणारा असतो.

५. इन्सुलिनसारखीं औषधें फ्रीजमध्यें ठेवावीं, पण गोठणखणांत कधींही ठेवूं नयेत.

ज्यांच्या घरीं फ्रीज नाहीं त्यांनींही निराश होऊं नये. वापरांत काढलेलें इन्सुलिन साधारणपणें ३० अंशांखालीं सुमारें चार आठवडे टिकतें. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें तें पाणी न शिरणाऱ्या डबींत घालून ओल्या मडक्यांत ठेवतां येतें. ४२ अंशांच्या घरांत तेंच मडकें रोग्याचा आधार होतें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें भाजीपाल्यासाठीं विटांचा एक शीतकक्ष सुचविला आहे. विटांच्या दोन भिंती बांधून त्यांमधील सुमारें साडेसात सेंटिमीटरच्या फटींत वाळू भरावयाची, व ती वाळू रोज भिजवावयाची. वीज मुळींच लागत नाहीं. संत्रीं व भाज्या त्यांत बाहेरच्यापेक्षां पुष्कळ अधिक दिवस ताज्या राहतात. शेतकऱ्यांच्या मुलांनीं सुटींत वडिलांच्या मदतीनें तो बांधून पाहावा.

प्रयोग व प्रश्न

दोन सारख्या बाटल्यांत सारखेंच पाणी भरा. एकीस ओलें फडकें गुंडाळा, दुसरी कोरडी ठेवा. दोन्ही सावलींत, वाऱ्यावर टांगा. दर अर्ध्या तासानें दोहोंचें तापमान वहींत लिहा. हाच प्रयोग वैशाखांत एकदां व श्रावणांत एकदां करा, आणि दोन्ही कोष्टकें शेजारीं मांडा. नंतर पुढील प्रश्नांचीं उत्तरें आपल्या शब्दांत लिहा.

१. माठास तेलकट हात लावूं नये असें घरांतील वडील माणसें कां सांगतात ?

२. ३० अंशांवरील एक किलो पाण्याचा शून्य अंशांचा बर्फ करण्यासाठीं फ्रीजला किती कॅलरी बाहेर काढाव्या लागतील ?

३. फ्रीज तोच, सामान तेंच. तरी मे महिन्याचें विजेचें बिल जानेवारीपेक्षां अधिक कां येतें?

४. तुमच्या गांवीं लसीकरणाच्या दिवशीं लसीची पेटी झाडाच्या सावलींत ठेवतात काय ? तिचें झांकण किती वेळां उघडतें ? पाहा, मोजा, आणि वर्गांत सांगा.